कॅसेट पुन्हा लावण्याआधी

प्रश्न: दहावीत असताना शेजारच्या मैत्रिणीने गायक केकेचा 'पल' अल्बम मला कोऱ्या कॅसेटवर भरून दिला होता. मधूनमधून तिचं हसणं, कुकरच्या शिट्ट्या असं सगळं त्यात आहे. केके गेल्यापासून दर ३१ मेला मी त्याचे शेवटच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ बघत बसते आणि रडते. नवरा म्हणतो, "तुझा कोण लागत होता तो?" यंदा चिपळूणला माहेरी ट्रंकेत ती कॅसेट सापडली. भावाच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर लावली, तर दोन मिनिटांत रीळ आत गुंतलं. हमसून रडले. माझं काही चुकतंय का? आणि कॅसेट वाचेल का?

उत्तर: कॅसेट बहुधा वाचेल, म्हणून आधी तिचंच बघू.

दोष रिळाचा नसून यंत्राचा असावा. रबरी चाक आणि धातूची बारीक दांडी मिळून रीळ पुढे सरकवतात आणि पलीकडची चकती ते गुंडाळून घेते. ही चकती बहुतेक यंत्रांत रबरी बेल्टवर फिरते. बरीच वर्षं पडून राहिलेला बेल्ट ढिला पडतो, नाहीतर डांबरासारखा चिकट होतो. मग चकती थांबते, चाक मात्र रीळ आत सोडतच राहतं. त्या टेपरेकॉर्डरवर ही कॅसेट पुन्हा लावू नका.

गुंतलेलं रीळ ओढू नका. प्लग काढा, रबरी चाक बोटाने हळूहळू उलटं फिरवत रीळ सोडवा आणि षटकोनी पेन्सिल चकतीत घालून आत गुंडाळा. चुरगळलेला भाग मऊ सुती कापडावर बोटाने सपाट करा. इस्त्री अजिबात नको. सुरकुतीपाशी आवाज क्षणभर बुडेल, तेवढं चालायचंच. रीळ तुटलं असेल तर साधी सेलोटेप लावू नका, तिचा गोंद पाघळून हेडला, म्हणजे रिळावरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, चिकटतो. त्यासाठी वेगळी स्प्लायसिंग टेप मिळते, ती हेडला न घासणाऱ्या बाजूने लावायची.

कोकणातली ट्रंक म्हणजे बुरशी आलीच. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली, तर कॅसेट घरच्या यंत्रात घालू नका. बुरशी यंत्रात उतरते आणि पुढच्या कॅसेटला लागते. असं रीळ जाणकाराकडेच द्या.

भुकटी नसेल तर चांगल्या चालीचा टेपरेकॉर्डर मिळवा. हेड आणि धातूची दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडने पुसा, रबरी चाक साबणाच्या सौम्य पाण्याने. आधी एखादी टाकाऊ कॅसेट पूर्ण वाजवून बघा. मग तुमची कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे फिरवा, म्हणजे एकमेकांना चिकटलेले थर सुटतील. आवाज दबका आला तर रिळामागची नमद्याची छोटी गादी गळून पडली असेल. दुसऱ्या कॅसेटमधली काढून बसवता येते.

आता आवाज संगणकावर उतरवून ठेवा. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून ३.५ मिलिमीटरची केबल संगणकाच्या लाइन-इनला, म्हणजे बाहेरच्या यंत्राचा आवाज आत घेणाऱ्या भोकाला, जोडा. बऱ्याच लॅपटॉपना फक्त माइकचं भोक असतं, तिथे आवाज फाटतो. यूएसबी साउंड कार्ड घ्या, पण त्याला लाइन-इन आहे ना ते बघून. ऑडॅसिटी या आवाज भरायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ४४,१०० हर्ट्झला, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवून, वेव्ह फाइलमध्ये भरा. ६० मिनिटांना सुमारे ६०० एमबी लागतील. गाण्यांमधल्या जागा कापू नका. 'पल' फोनवर कधीही ऐकता येईल, शिट्ट्या आणि मैत्रिणीचं हसणं दुसरीकडे कुठेच नाही.

आता तुमच्या रडण्याविषयी. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी पुढे आयुष्यभर जास्त ठळक राहतात, हे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलं आहे. १९९९ मध्ये तुम्ही त्याच वयात होतात. त्याच वर्षी 'पल' आला आणि 'हम दिल दे चुके सनम'मधलं 'तड़प तड़प' घरोघरी वाजलं. शिवाय केके कॅमेऱ्यापासून लांब राहणारा गायक. अनेकांना त्याचा आवाज पाठ होता, पण चेहरा समोर आला असता तर ओळखला नसता. त्यामुळे त्या आवाजाला त्याचा चेहरा चिकटण्याऐवजी तुमची ट्रंक, तुमची मैत्रीण, तुमची परीक्षा चिकटली आहे.

नवऱ्याला सांगा, कोणी लागत नव्हता, हीच तर अडचण आहे. नात्यातलं माणूस गेलं की सुतक असतं, दहावा-तेरावा असतो, चार माणसं भेटायला येतात. या दुःखाला तसं काहीच नाही, म्हणून ते दरवर्षी अर्धवट राहतं.

कोलकात्याच्या नझरुल मंचावरच्या, २०२२ च्या त्या संध्याकाळच्या क्लिप मात्र बंद करा. घाम पुसत गाणारा केके पुन्हा पुन्हा बघून त्याचा शेवटचा तास तेवढा मोठा होतो आणि आधीची सगळी वर्षं मागे पडतात. झोप किंवा काम दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला.

पुढच्या ३१ मेला काय करायचं? फाइल तयार झाली असेल. मैत्रिणीचा नंबर शोधून ती तिला पाठवा. सोबत फार लिहू नका, तिचं हसणं कितव्या मिनिटाला आहे तेवढं कळवा.