विचारा की राव: पोटावर एक, पाठीवर एक पॉलिसी

प्रश्न: मी शिरोली एमआयडीसीतल्या एका इन्शुरन्स ब्रोकरच्या ऑफिसात कामाला आहे, आणि आता इन्शुरन्स इन्स्टिट्यूटच्या असोसिएटशिपला लायबिलिटीचा, म्हणजे जबाबदारीच्या विम्याचा, पेपर घेतलाय. फायर नि मोटर झटक्यात निघाले, पण हे लायबिलिटी डोक्यात बसंना झालंय. पब्लिक, प्रॉडक्ट, कामगार सगळं एकात एक मिसळतंय, वर पुण्याच्या मावसभावानं अमेरिकन कोर्सच्या 'कमर्शियल कॅज्युअल्टी'च्या नोट्स पाठवल्यात, त्या वाचू का? आणि शेवटचं, हॉटेलात 'गाडी स्वतःच्या जबाबदारीवर लावा' अशी पाटी असली की मालक सुटतो का?
– राजारामपुरीतून एक वाचक

उत्तर: आधी एक कबुली, मी स्वतः पहिल्यांदा ह्याच पेपरात आपटलो होतो, त्यामुळं तुमचं दुखणं मला चांगलं कळतंय. माझं चुकलं काय तर मी फायरसारखा अभ्यास केला, म्हणजे 'माझ्या पक्षकाराचं काय जळालं' असं बघत बसलो. लायबिलिटीत आपल्या पक्षकाराचं काही जळत नाही हो, दुसऱ्याचं जळतं आणि तो कायदा घेऊन दारात येतो. म्हणून प्रत्येक केसला आधी विचारायचं, नुकसान कुणाचं झालं आणि तो कुठल्या कायद्यानं मागतोय.

आता महाद्वार रोडवर एक चपलांचं दुकान धरा. वळवाच्या वाऱ्यानं दुकानाचा बोर्ड सुटला. खालून जाणाऱ्या बाईंच्या खांद्यावर पडला तर पब्लिक लायबिलिटी. शटर ओढणाऱ्या दुकानातल्याच पोराच्या डोक्यात पडला तर कामगार भरपाईची पॉलिसी. मालकाच्याच काचेच्या शोकेसवर पडला तर लायबिलिटीचा संबंधच नाही, ती प्रॉपर्टीची गोष्ट. आणि बोर्ड जागेवरच आहे पण विकलेल्या चपलेतला खिळा वर येऊन गिऱ्हाइकाचा पाय चिघळला, तर प्रॉडक्ट लायबिलिटी. दुकान एकच, पण पॉलिस्या चार! हे चित्र डोळ्यासमोर ठेवलं की निम्मा पेपर सुटतो असं माझं मत आहे.

कायदे पाठ करताना त्यामागची घटना लक्षात ठेवा, मग साल आपोआप बसतं. भोपाळची वायूगळती डिसेंबर 1984 ची, तिच्यातूनच पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा 1991 ला आला, आणि त्यात धोकादायक रसायनं हाताळणाऱ्याला चूक कुणाची हे सिद्ध न करताही मदत द्यावी लागते. प्रॉडक्टसाठी 1932 चा स्कॉटलंडचा तो गोगलगायीचा खटला, पेयाच्या बाटलीत गोगलगाय निघाली, बाटली मैत्रिणीनं विकत घेतली, प्यायली दुसरीनं, आणि तरी बनवणारा जबाबदार धरला. आपल्याकडं आता 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रॉडक्ट लायबिलिटीचं वेगळं प्रकरणच आहे.

कामगार भरपाईचं गणित मात्र हातानं सोडवा, नुसतं वाचून उपयोग नाही. 1923 च्या कायद्यानं मृत्यू झाला तर पगाराच्या 50 टक्के गुणिले वयाचा फॅक्टर, म्हणजे त्या वयासाठी कायद्याच्या तक्त्यात दिलेला आकडा. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत 30 वर्षांचा मोल्डर, पगार 22,000, पण हिशोबाला धरायचे 15,000 च, ही मर्यादा 2020 पासूनची. म्हणजे 7,500 गुणिले 207.98, उत्तर 15,59,850. बरीच पोरं 22,000 च धरतात आणि तिथंच अडकतात. तो कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत असला तर ह्या कायद्यानं पुन्हा वेगळी भरपाई मागता येत नाही, तेही बघून ठेवा. आणि ह्या कायद्याच्या जागी 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता केलीय, तेव्हा तुमच्या पुस्तकाची आवृत्ती कुठली ते आधी तपासा.

आता सगळ्यात जास्त मार्क खाणारी गोष्ट, क्लेम्स-मेड. तुमच्या पक्षकारानं 2021 ला पंपाचं कास्टिंग विकलं, ते 2023 ला फुटून माणूस जखमी झाला, नोटीस आली 2024 ला. ऑकरन्स पॉलिसी, म्हणजे अपघात घडला त्या सालची चालणारी, असती तर 2023 ची चालली असती. क्लेम्स-मेडमध्ये ज्या साली मागणी आली त्या सालची, म्हणजे 2024 ची, फक्त अपघात रेट्रोअॅक्टिव्ह तारखेनंतरचा हवा, म्हणजे पॉलिसी ज्या तारखेपासूनचे अपघात धरते त्या तारखेनंतरचा. म्हणून कंपनी बदलताना जुनी तारीख पुढं नेली नाही तर प्रीमियम भरूनही हात हलवत बसायची वेळ येते, आणि शिव्या खातो ब्रोकर! लिमिट, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त देणार ती रक्कम, तिचंही गणित बघा: एका अपघाताला 1 कोटी, वर्षाला 2 कोटी. पहिला 1 कोटी 30 लाखांचा क्लेम, मिळणार 1 कोटी. दुसरा 90 लाखांचा, पूर्ण. तिसरा 40 लाखांचा, तर उरलेत फक्त 10 लाख.

अमेरिकन नोट्स संकल्पनेपुरत्या वाचा. 'कॅज्युअल्टी' म्हटलं की आपल्या कोल्हापूरकराला सीपीआर हॉस्पिटलाचा अपघात विभाग आठवतो, तिकडं मात्र त्या शब्दात जनरल लायबिलिटी, गाड्या, कामगार सगळं येतं, आणि कामगार भरपाईचा कायदा राज्यागणिक वेगळा. तिथले आकडे परीक्षेत लिहू नका एवढंच.

राहिली तुमची पाटी. सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये दिल्लीच्या ताज महाल हॉटेलच्या केसमध्ये सांगितलं की चावी घेऊन गाडी स्वतःच्या ताब्यात ठेवली असेल, तर 'गाडीमालकाच्या जोखमीवर' असं छापून हॉटेलला निष्काळजीपणातून हात झटकता येत नाहीत. ती गाडी मारुती झेन होती, 1998 ला चोरीला गेलेली. आपल्याकडं रस्स्याच्या हॉटेलासमोर आपणच बाईक उभी करून चावी खिशात घालतो, तिथं हा निकाल तसाच्या तसा लावता येणार नाही, कारण गाडी त्यांच्या ताब्यातच गेलेली नसते.