चर्चची इमारत कुणाची, हे कधी लोकांनी मतदान करून ठरवलं आहे का?

हो, आणि एखाद्या गावापुरतं नाही, अख्ख्या कॅनडात.

मी मूळचा इंदूरचा, आता ओंटारिओत राहतो. इथल्या एका लहान गावात जवळजवळ समोरासमोर दोन चर्च आहेत. नाव दोन्हींचं सेंट अँड्र्यूजच. एकाच्या पाटीवर 'युनायटेड', दुसऱ्याच्या पाटीवर 'प्रेसबिटेरियन'. पण 'युनायटेड'च्या कोनशिलेवर 'प्रेसबिटेरियन' असं कोरलेलं आहे. ती पाहिली आणि मी या प्रकरणाच्या मागे लागलो.

झालं असं, की मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन या तीन प्रोटेस्टंट पंथांनी मिळून एकच 'युनायटेड चर्च ऑफ कॅनडा' करायचं ठरवलं. पहिले दोन पंथ जवळजवळ सगळेच आले. प्रेसबिटेरियनांत मात्र उभी फूट पडली. म्हणून १९२४ च्या कायद्यानं त्यांच्या प्रत्येक मंडळीला, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांना, मुभा दिली: विलीनीकरणाच्या आधीच्या सहा महिन्यांत मतदान घ्या. बहुमत 'नको' म्हणालं, तर इमारत तुमचीच.

मेख पुढेच आहे. मतदान घेतलंच नाही, तर मंडळी इमारतीसकट आपोआप युनायटेडमध्ये. म्हणजे सभा बोलवा, माणसं जमवा, ही सगळी धडपड नको म्हणणाऱ्यांनीच करायची. मला हे आजही अन्यायाचं वाटतं. आणि हरणाऱ्यांना इमारतीत वाटा नाही, मग ते कुठल्याही बाजूचे असोत. ज्या बाकांवर आजी-आजोबा बसले, लग्नं लागली, मुलांचे बाप्तिस्मे झाले, ती बाकं एका मोजणीत परकी झाली. कित्येकांनी भाड्याच्या हॉलमध्ये उपासना सुरू केली आणि मग पैसे जमवून नवं चर्च बांधलं. एका गावात दोन सेंट अँड्र्यूज दिसतात, ते बरेचदा त्यामुळेच.

१० जून १९२५ ला टोरंटोत युनायटेड चर्चची स्थापना झाली. प्रेसबिटेरियनांपैकी साधारण एक तृतीयांश सभासद बाहेर राहिले. तेव्हाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग त्यांच्यातलेच. धर्मगुरू घडवणारं टोरंटोचं नॉक्स कॉलेजही या बाहेर राहिलेल्यांकडे गेलं.

या वाटणीची झळ आमच्यापर्यंतही पोचली. इंदूरचं ख्रिश्चन कॉलेज याच कॅनेडियन प्रेसबिटेरियन मिशननं काढलेलं. १९२५ नंतर इंदूरचं मिशन युनायटेडकडे गेलं आणि झाशीचं प्रेसबिटेरियनांकडे राहिलं.