कोलाडला दोनदा राफ्टिंग केलंय. पावसाळ्यात कोकणातल्या धोंड्याधोंड्यांच्या पऱ्यातून (डोंगरी ओढ्यातून) कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी, नेऊ का?

या पावसाळ्यात नको, राफ्टिंगचा अनुभव इथे पुरत नाही. कयाक मी कोलाडच्या कुंडलिका नदीवरच शिकलो. तिथे भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणारं पाणी असतं, त्यामुळे अंदाज बांधता येतो. पऱ्या मात्र घाटमाथ्यावरच्या पावसावर चालतो. खाली उघडीप असताना वर कोसळला की बघता बघता लोंढा येतो. पाणी गढूळलं, पालापाचोळा वाहू लागला की लगेच काठ गाठायचा. खरी भीती धबधब्यावरून खाली पडण्याची नाही, कातळाखालच्या कपारींची आणि धोंड्यांमधल्या फटींची. त्यातून पाणी आरपार जातं, माणूस अडकतो. कयाकमधून बाहेर पडलात तर वाहत्या पाण्यात उभं राहू नका. पाय फटीत अडकला की कमरेएवढं पाणीही आडवं पाडून बुडवतं. उताणे व्हा, पाय पुढे, आणि काठाकडे पोहा.

उलटलेली कयाक आतूनच, दोन्ही बाजूंनी, दर वेळी सरळ करता येत असेल आणि सोबत फेकदोर (पाण्यातल्या माणसाकडे फेकायचा दोर) वापरता येणारे दोन जाणते गडी असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आधी एप्रिल-मेमध्ये तोच पऱ्या कोरडा असताना चालून या: कपारी, अडकलेले ओंडके, चढून बाहेर पडायच्या जागा सगळं उघडं दिसतं. पावसात प्रत्येक धबधब्याआधी उतरून वरून काटकी टाका. ती खालच्या फेसातच गरगरत राहिली, तर कयाक खांद्यावर घेऊन काठाने जा.