मुलांच्या पोर्टफोलिओसाठी कुठलं अ‍ॅप घ्यायचं?

‘‘मॅडम, मुलीचा डिजिटल पोर्टफोलिओ करायचाय. गूगल साइट्स बरं की पॅडलेट? की पैसे भरून काही चांगलं घेऊ?’’ ऑनलाइन शिकणाऱ्या मुलांचे पालक हल्ली मार्कांच्या खालोखाल हीच काळजी घेऊन येतात. पोर्टफोलिओ म्हणजे मुलाच्या कामांचा जपून ठेवलेला संग्रह; गूगल साइट्सवर त्याची छोटी वेबसाइट बनवता येते, तर पॅडलेट म्हणजे फोटो आणि नोंदी लावायचा ऑनलाइन फळा. प्रश्न अ‍ॅपचा असतो, पण खाली भीती असते की चुकीचं निवडलं तर पोर मागे पडेल. अशांपैकी एका मायलेकींबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी नववीत, शाळा पूर्ण ऑनलाइन. आईने चार ठिकाणी खाती उघडलेली, सुंदर टेम्प्लेट निवडलेली. मुलगी मात्र कित्येक महिन्यांत तिकडे फिरकलीही नव्हती. ‘‘तिला शिस्तच नाही,’’ आई म्हणाली. भावनेशी भांडण्यापेक्षा तिच्यामागचा विचार आधी तपासावा, असं मी मानते. म्हणून विचारलं, ‘‘चुकीचं अ‍ॅप निवडलं गेलं, तर नेमकं काय होईल?’’

‘‘पुढे अ‍ॅडमिशनच्या वेळी काहीच दाखवता येणार नाही.’’

‘‘आणि आज दाखवायचं म्हटलं, तर काय आहे?’’

आईने मुलीकडे पाहिलं. मुलीने फोन काढून तीन फोटो दाखवले. बाटली कापून केलेला पर्जन्यमापक. पहिल्यात फनेलच्या कडेने पाणी गळत होतं. दुसऱ्यात बाटलीचा तळ खडबडीत असल्याने मोजमाप चुकत होतं. तिसऱ्यात तिने तळाशी खडे टाकून, वर रेघेपर्यंत पाणी भरून तिथे शून्य धरला होता.

‘‘हे कुठेच का नाही टाकलंस?’’

‘‘आई म्हणते, फक्त शेवटचा टाक. पहिले दोन बिघडलेत ना. पण मग तिसऱ्यात खडे का आहेत, ते कसं कळणार?’’

आई एकदम गप्प झाली. अडलेलं सगळं या एका वाक्यात होतं. घरात पोर्टफोलिओ म्हणजे प्रदर्शन असं ठरून गेलं होतं आणि प्रदर्शनात चुकलेल्याला जागा नसते, म्हणून मुलीने काहीच टाकलं नाही. ई-पोर्टफोलिओच्या अभ्यासक हेलन बॅरेट यांनी त्याची दोन रूपं सांगितली आहेत : काम करण्याची जागा आणि काम मांडण्याची जागा. पालकांना मी हीच दोन रूपं वेगळी करायला सांगते. ती वेगळी झाली, की साधनाचा प्रश्न निम्मा सुटतो.

कामाच्या जागेसाठी गूगल ड्राइव्हमधलं, म्हणजे फाइली ऑनलाइन साठवायच्या जागेतलं, एक फोल्डर पुरतं. फुकट मिळणारे 15 जीबी जीमेल आणि फोटोंतही वाटले जातात, म्हणून लांबलचक व्हिडिओ न टाकता कापून दीड-दोन मिनिटांचे करावेत. फाइलचं नाव तारखेने सुरू करावं, 2025-07-14-पर्जन्यमापक-2 असं, म्हणजे क्रम आपोआप लागतो. फोटो खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून काढावा. प्रत्येक कामाला तीन ओळी : काय करायचं होतं, कुठे अडलं, काय बदललं. लिहायचा कंटाळा असेल, तर मिनिटभराचं बोलणं रेकॉर्ड करावं.

मांडणीची जागा मुलाच्या वयावर आणि कामावर ठरते. धाकट्यांसाठी सीसॉ छान, कारण त्यात चित्र काढून त्यावर बोलता येतं. मोठ्यांना गूगल साइट्स पुरते, पण ती पानं तयार करायला संगणक लागतो. घरात फक्त फोन असेल, तर गूगल स्लाइड्समध्ये एका कामाला एक पान द्यावं आणि पीडीएफ करावी. कोडिंग करणाऱ्यांसाठी गिटहब पेजेस, चित्र आणि डिझाइनसाठी बिहान्स. ही दोन्ही सगळ्या जगाला दिसतात, तेव्हा शाळेचं नाव, पत्ता, फोन नंबर तिथे नको. पॅडलेटच्या फुकट खात्यात मोजकेच बोर्ड मिळतात. गटात काम करायला ते चांगलं, वर्षानुवर्षं साठवायला नाही.

सगळ्यात जास्त फसगत परवानगीत होते. साइट प्रसिद्ध केली, तरी तिच्यात जोडलेली ड्राइव्हची फाइल खाजगीच राहते आणि पाहणाऱ्याला फोटोऐवजी परवानगी मागणारा चौकोन दिसतो. दुवा पाठवण्याआधी ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, म्हणजे आपलं खातं उघडलेलं नसतं अशा खिडकीत, एकदा उघडून पाहावा. साइट प्रसिद्ध करताना सर्च इंजिनांपासून लपवण्याची खूणही तिथेच करता येते.

आणखी एक. शाळेने दिलेल्या खात्यावर सगळं ठेवलं आणि शाळा सोडल्यावर ते खातं बंद झालं, तर कामही गेलं. अ‍ॅपचाही भरवसा नसतो. अनेक वर्गांत ऑनलाइन फळा म्हणून वापरलं जाणारं गूगल जॅमबोर्ड 31 डिसेंबर 2024 रोजी बंद झालं. म्हणून साधन निवडताना मी आधी एकच विचारते : यातून सगळं काम साध्या फाइलींच्या रूपात बाहेर काढता येतं का? उत्तर नाही असेल, तर ते कितीही देखणं असो, घेऊ नये.

या मायलेकींनी चारपैकी तीन खाती बंद केली. ड्राइव्हचं फोल्डर मुलीच्या स्वतःच्या खात्यावर झालं आणि आईला फक्त पाहण्याची परवानगी मिळाली, बदलण्याची नाही. ही अट मुलीची होती. आईला ती पचायला वेळ लागला, पण तिने ती पाळली. सत्र संपलं, की मुलगी स्वतः पाच कामं निवडते आणि साइटवर चढवते. पहिल्या सत्रात पर्जन्यमापकाचे तिन्ही फोटो तिथे गेले, गळक्या फनेलसकट.