दिवाळी सेल लावू का विचारतेयस, तर नको लावूस

अगं तुझ्या हातमागाच्या साड्यांच्या दुकानाची पहिलीच दिवाळी, समोर फ्लॅट ५० टक्केचे बोर्ड, पोटात गोळा येणारच, मलाही यायचा. पण हिशोब मांडून बघ. हातमागाची साधी सुती साडी उतरायलाही दोन-तीन दिवस सहज जातात, भरजरी पैठणी तर कित्येक महिने मागावर असते, मग ते ५० टक्के कुणाच्या मजुरीतून काढणार तू? नाहीतर आधी किंमत फुगवायची, ते आपल्याला करायचंच नाहीये.

मी दुसऱ्या वर्षी घाबरून २० टक्के दिले होते. नवरात्रात पूर्ण किमतीत साडी नेलेल्या एक काकू परत आल्या, बोर्ड वाचला, बोलल्या काहीच नाहीत, नुसत्या पिशवीचे बंद पिळत उभ्या राहिल्या. तेव्हापासून वर्षभर एकच भाव.

त्याऐवजी वसुबारसेआधीचा आठवडा जुन्या साड्यांना दे. रफू, फॉल-पिको, आजीच्या साडीचं नातीला परकर-पोलकं, आणि टेलरताईंशी आत्ताच बोलून ठेव कारण ऐन दिवाळीत त्या सापडत नाहीत. ह्यात पैसे कमी सुटतात, खरंय, पण तीच माणसं लग्नसराईत येतात, माझं निम्मं गिऱ्हाईक असंच जमलंय.

आणि नवरात्रात कुणी नऊ रंगांच्या नऊ साड्या मागितल्या तर आधी विचार, घरी हिरवी असेल ना एखादी? बहुतेक वेळा असतेच गं.