फेसात पाय ठेवत नाही!

प्रश्न : ताई, आम्ही हर्णैजवळ राहतो, समुद्र अगदी घरामागे. मुलगी सहा वर्षांची. तिच्या मामाने मुंबईहून जलपरीचं चित्रांचं पुस्तक आणलं, त्यात शेवटी जलपरी समुद्राचा फेस होते. झालं! तेव्हापासून पुळणीवर फेस दिसला की बाईसाहेब जागच्या जागी थांबतात, म्हणे "तिच्यावर पाय पडेल". आधीच्या पुस्तकात तर तिचं राजपुत्राशी लग्न झालेलं. सासूबाई म्हणतात असली रडकी पुस्तकं घरात नकोतच. खरी गोष्ट कुठली, आणि कुठलं पुस्तक ठेवू?

उत्तर : आधी तुमच्या लेकीला एक पापी द्या माझ्याकडून. आता खरं-खोटं. ही गोष्ट हान्स ख्रिश्चन अँडरसन या डॅनिश लेखकाने 1837 मध्ये छापली आणि त्यात राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो, ते गोड लग्न बहुतेकांच्या डोक्यात बसलंय ते 1989 च्या डिस्नेच्या सिनेमामुळे. म्हणजे मामाचं पुस्तक जास्त जवळचं, पण तेही अर्धवट असणार, पैज लावते! कारण त्या गोष्टीतल्या सगळ्याच जलपऱ्या तीनशे वर्षं जगून मग फेस होतात, आणि हिच्या बहिणी तर स्वतःचे केस चेटकिणीला देऊन सुरी आणतात, राजपुत्राला मार म्हणजे तू वाचशील, पण ही सुरी समुद्रात भिरकावते, स्वतः उडी मारते, अंग विरघळायला लागतं आणि तेवढ्यात वर वर जाऊन हवेच्या मुलींमध्ये सामील होते, ज्या उकाड्याच्या देशांत गार वारा नेतात आणि फुलांचा वास पसरवतात. चित्रपुस्तकं बऱ्याचदा 32 पानांची असतात, कात्री लागते ती नेमकी इथेच. तुमच्याकडे दुपारी समुद्रावरून वारा सुटतो ना, तेव्हा ओटीवर बसून लेकीला एवढं पुढचं सांगा, ती फेसात राहिलीच नाही म्हणावं.

सासूबाईंना मात्र हळूच विचारा, "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" मधला वाघ म्हातारीला काय चहाला बोलवत होता का? लाल टोपीवालीचंही तेच, पेरो या फ्रेंच लेखकाच्या 1697 च्या पुस्तकात लांडगा आजी-नात दोघींना खातो आणि गोष्ट खलास, 1812 मध्ये जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या पुस्तकात शिकारी येऊन पोट कापून दोघींना बाहेर काढतो. तोंडातोंडी फिरलेली गोष्ट ती, सांगणारा बदलणारच, माझी तक्रार नाही. हल्ली काही पुस्तकांत आजी कपाटात लपते, ते मात्र मला मुळीच नाही आवडत, अहो मग लांडग्याचे एवढे मोठे दात कशाला काढलेत चित्रात?

अँडरसनचं तसं नाही, ती एकाच माणसाने लिहिलेली गोष्ट, तेव्हा शेवट बदलला असेल तर निदान "आधारित" असं छापावं. दुकानात पुस्तक हातात घेतलं की शेवटची तीन-चार पानं आधी बघायची, मी तर उभ्याउभ्या तेवढंच वाचते, दुकानदार वैतागतो.

दोन्ही पुस्तकं ठेवा. शेजारी शेजारी उघडून लेकीलाच विचारा, कुठल्या पानापासून गोष्ट वेगळी झाली, ती बोट ठेवून दाखवेल बघा. आणि तोवर फेसाच्या बाजूबाजूने चालली तर चालू दे.