मुलीला परफ्युमर व्हायचंय, बाबा म्हणतात फार्मसी कर

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगी बारावी सायन्सला आहे, बायोसोबत मॅथ्स पण घेतलंय, अभ्यासाच्या टेबलवर इसेन्शियल ऑइलच्या बाटल्या मांडून बसते आणि म्हणते मला परफ्युमर, म्हणजे सुगंध बनवणारी, व्हायचंय, तिच्या बाबांना मात्र फार्मसी हवीय. तुम्ही विचारलंय की यात खरंच करिअर असतं का, आणि तिचं नाक तेवढं तयार आहे हे ओळखायचं कसं.

नाकाचं आधी सांगतो, कारण तिथेच बहुतेक पालक अडकतात. नाक जन्मतःच वेगळं असावं लागतं असं काही नाही हो, साधं निरोगी नाक पुरतं, घडवावी लागते ती वासाची आठवण. परफ्युमरला शेकडो कच्चे माल लेबल न बघता ओळखता यावे लागतात आणि ते रोजच्या रियाजानेच येतं, गाण्यात सूर ओळखायला शिकतात ना तसंच. तिला एक वही करायला सांगा. कागदाच्या पट्टीवर एक थेंब, आत्ता कसा वाटतो, तासाभराने कसा, दुसऱ्या दिवशी काय उरलं, सगळं आपल्या शब्दांत लिहायचं, "छान वास" असं लिहिलेलं चालणार नाही. संत्र्याच्या सालीचं तेल घ्या, त्यात ९० टक्क्यांच्या वर लिमोनीन नावाचं द्रव्य असतं, ते भराभर उडून जातं. आणि आपण उन्हाळ्यात कूलरला लावतो तो वाळा, त्याचं तेल पट्टीवर कित्येक दिवस टिकतं. आता वर संत्रं, खाली वाळा, तर मधे काय घातलं म्हणजे दोन्ही एकाच सुगंधाचे भाग वाटतील? हा प्रश्न तिला द्या आणि महिनाभर बघा. ती त्यात रमली तर मी तिच्या बाजूने आहे.

आता पोटापाण्याचं. बहुतेक परफ्युमर महागड्या बाटल्यांसाठी नाही तर साबण, अगरबत्ती, डिटर्जंट, शाम्पू, फिनाईल यांच्यासाठी सुगंध बनवतात, आणि तिथे केमिस्ट्री आली नाही तर काहीच चालत नाही. साधं व्हॅनिलिन घ्या, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं रसायन, वास किती गोड, पण पांढऱ्या साबणात घातलं की साबण हळूहळू तपकिरी पडतो. म्हणून आधी केमिस्ट्रीची पक्की डिग्री, मग परफ्युमरी, हा क्रम मी बदलू देणार नाही. आपल्याकडेच नागपुरात एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, १९४२ पासूनची संस्था, केमिकल टेक्नॉलॉजीसाठी सीईटी मन लावून द्यायला सांगा. एलएडी कॉलेजचं कॉस्मेटिक टेक्नॉलॉजी पण बघून या. पुढे मुंबईत माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) परफ्युमरी आणि फ्लेवरचं एम.टेक. आहे आणि मुलुंडच्या वझे केळकर कॉलेजात परफ्युमरी-कॉस्मेटिक्सचा पीजी डिप्लोमा, त्या त्या वर्षीचे नियम आणि फी मात्र स्वतः विचारून घ्या. फ्रान्समधल्या परफ्युमरीच्या शाळांचं नाव आत्ता काढू नका, लाखो रुपये घालायची ही वेळ नाही.

बाबांना सांगा, बी.फार्म. केलं तरी ही वाट बंद होत नाही, पण निवड हातात असेल तर मी केमिकल टेक्नॉलॉजी निवडेन. त्यांची काळजी खोटी नाहीये, मुख्य परफ्युमरच्या जागा थोड्या, तिथवर पोचायला वर्षं लागतात आणि मुंबईला जावंच लागेल. पण त्याच कंपन्यांत सुगंध पारखणारे इव्हॅल्युएटर लागतात, जीसी मशीनवर, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, तेलाची भेसळ पकडणारे केमिस्ट लागतात, साबणात वास टिकतो का हे तपासणारी वेगळी लॅब असते, म्हणजे परफ्युमर नाही झाली तरी मुलगी रिकामी बसणार नाही.

परीक्षा झाली की जमलं तर उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला, अत्तरांच्या गावाला, घेऊन जा. तिथे १९९१ पासून सरकारचं सुगंध आणि स्वाद विकास केंद्र आहे, छोटे कोर्स असतात. आणि तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, भाजलेली माती घालून तिचा वास भपक्यातल्या, म्हणजे वाफ गोळा करणाऱ्या भांड्यातल्या, चंदनाच्या तेलात उतरवतात तेही बघता येईल, आपल्याकडे मे महिना भाजून निघाल्यावर पहिल्या पावसाला येतो ना, तोच वास. हे बघून ती काय प्रश्न विचारते ते मला नक्की कळवा.

आणि हो, ती तेलं अंगाला थेट लावू देऊ नका, लिंबासारख्या काही फळांच्या सालीच्या तेलांनी उन्हात कातडी भाजू शकते, खोलीची खिडकी पण उघडी ठेवायला सांगा.